पालोमाच्या पोटातलं पाणी

"कासेरिता, निघायच्या आधी पाकळ्या हातानं वेचून काढ. गाडीच्या काचेच्या बुडाशी राहू देऊ नकोस."

तळ्याकाठच्या कोपाकाबानाच्या देवळासमोर ओळीनं बसणाऱ्या फुलवाल्यांपैकी डावीकडून तिसरीनं 'कासेरिता', म्हणजे लाडकं गिऱ्हाईक, म्हणत नोएमीला हे सांगितलं, तेव्हा नोएमीच्या कडेवर चौदा महिन्यांची मिकाएला होती, मिकाएलाच्या तोंडात एक किल्ली होती, आणि ती किल्ली आपली की परक्याची एवढा एकच प्रश्न नोएमीला त्या क्षणी महत्त्वाचा वाटत होता. शिवाय फुलं विकणाऱ्या बाईनंच फुलं काढून टाकायला सांगावं, हे तिला जरा गमतीचं वाटलं. "हो हो," ती म्हणाली आणि किल्ली काढून घेतली. ती परक्याचीच निघाली.

नोएमी काही अडाणी नव्हती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तशी शंका वारंवार येणार आहे. ती इंजिनियर होती. ला पाझच्या पालिकेत, पावसाळी गटारांच्या विभागात, तिला स्वतःचं टेबल होतं, स्वतःचा शिक्का होता. दर कार्निव्हलला अख्खं शहर एकमेकांवर मिस्तूरा उधळतं, म्हणजे रंगीत कागदाच्या बारीक टिकल्या. मग त्या टिकल्या आणि पाकळ्या वाहत जाऊन गटारांच्या तोंडाशी बसतात आणि पुढच्या पावसात लोकांच्या दिवाणखान्यात पाणी येतं. त्यावर नागरिकांना दम देणारं परिपत्रक नोएमीच लिहायची. त्यातलं "पाणी तुंबते ते पाण्यामुळे नव्हे, तर आपल्या हलगर्जीपणामुळे" हे वाक्य तिच्या साहेबांना इतकं आवडलं होतं, की त्याचा फलक करून तो तिच्याच खुर्चीमागे लावला होता.

असो. तर कोपाकाबानाला ती गेली होती गाडीला आशीर्वाद घ्यायला. नवी गाडी घेतली आणि देवळातल्या व्हर्जिन मातेच्या पायाशी नेली नाही, असं आमच्याकडे कुणी करत नाही. नवी म्हणजे आपल्यासाठी नवी. ही पांढरी स्टेशन वॅगन आधी अठरा वर्षं दुसऱ्या कुणाकुणाची होती. पालोमा, म्हणजे कबुतर, असं तिचं नाव ठेवलं. पाद्रीबाबांनी इंजिनावर, सीटवर आणि नोएमीचा नवरा रेनान याच्या कपाळावर पवित्र पाणी शिंपडलं. पुढचं काम धर्मपित्याचं. गाडीला धर्मपिता लागतोच. त्यानं चाकांवर बिअर ओतायची, टपावर फुलं बांधायची आणि मूठमूठ पाकळ्या नि मिस्तूरा उधळायचा.

पालोमाचे धर्मपिता होते त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे डॉन फ्रोइलान. वय एकाहत्तर, भूमितीचे निवृत्त मास्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आयुष्यभर त्यांनी इतक्या पोरांना नापास केलं होतं की कुणी त्यांना आपल्या लेकराचा धर्मपिता हो म्हणून विचारलंच नव्हतं. रेनाननं विचारलं तेव्हा ते दोन मिनिटं चष्मा पुसत बसले. मग त्यांनी एकट्यानं आठ पिशव्या पाकळ्या घेतल्या.

"कोम्पाद्रे, दोन पुरे झाल्या असत्या," नोएमी म्हणाली. गाडीच्या धर्मपित्याशीही हे नातं लागतं, तो आपला कोम्पाद्रे आणि आपण त्याची कोमाद्रे.

"कोमाद्रे, माझी ही पहिलीच लेक आहे," डॉन फ्रोइलान म्हणाले आणि आठवी पिशवी काचेवर रिकामी केली.

परतीच्या चार तासांत निम्म्या पाकळ्या वाऱ्यानं नेल्या. उरलेल्या तिथंच बसल्या, जिथं बसू देऊ नकोस असं सांगितलं होतं.

*

नोव्हेंबरात पाऊस लागला आणि एका सकाळी मिकाएलाचा बूट हरवला. तो मागच्या सीटखाली सापडला. सापडला म्हणजे तरंगत आला.

नोएमीनं गालिचा उचलला. खाली चांगलं चार बोटं पाणी होतं, थंडगार, आणि त्याला भिजल्या घोंगडीचा वास येत होता. त्या पाण्याच्या बरोब्बर वर मिकाएलाची खुर्ची. आणि मिकाएला खोकत होती.

खोकल्याच्या बाबतीत नोएमीकडे एक वही होती. तीत तारीख, वेळ, खोकल्याची संख्या आणि प्रकार असे रकाने होते. प्रकार तीन: कोरडा, ओला आणि फसवा. फसवा म्हणजे नुसतं लक्ष वेधून घ्यायला काढलेला. गाडी घेतली होती तीच मुळी खोकल्यापायी. पाळणाघर खाली, तिच्या कचेरीजवळ. तिथवर मिनीबसनं जायचं तर खिडक्या बंद, आत चौदा माणसं आणि त्यातली बारा खोकणारी. म्हणून कर्ज काढून ही कोरडी, उबदार, घरची गाडी घेतली, आणि आता तिच्यात बदकं पाळता आली असती.

हे सगळं दारात उभं राहून पाहत होत्या डोन्या बेनिता, रेनानची आई. काही आठवडे नातीजवळ राहायला त्या ओरुरोहून आल्या होत्या.

"ओरुरोत हवा कोरडी आहे," त्या म्हणाल्या.

तुम्हाआम्हाला हे हवामानाविषयीचं वाक्य वाटेल. त्या घरात ती धमकी होती.

"आई, गाडी होईल दुरुस्त."

"होऊ दे की. मी कुठं नको म्हणते? डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अकराची माझी बस आहे. तोवर ती कोरडी झाली तर मी एकटी जाईन. नाही झाली तर मिकाएला माझ्याबरोबर. पाऊस संपला की आणून सोडते."

"पाऊस मार्चमध्ये संपतो."

"मग मार्चमध्ये सोडते," डोन्या बेनिता म्हणाल्या. त्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच भयंकर होतं.

नोएमीनं वही उघडली आणि नवा रकाना आखला: पाणी, बोटांत.

*

पहिला इलाज गल्लीतल्याच मेकॅनिकचा, मायेस्त्रो वाल्तेरचा. दहाचा सुमार होता आणि मायेस्त्रोच्या हातात सालतेन्या होती. आत गरम रस्सा भरलेली ती करंजी खाताना एक थेंब सांडला तरी आमच्याकडे माणसाची इज्जत जाते. मायेस्त्रोनं एक थेंबही न सांडता अर्धी संपवली आणि मग बोलला.

"पाणी कुठं आहे?"

"मागं."

"मग येतंय मागूनच. हे बघा, इंजिनियर, सालतेन्या गळते ती जिथं चावलं तिथून. तुमची मागच्या दाराला चावली आहे."

त्यानं मागच्या दाराला सगळीकडून असा काही चिकट लेप भरला की दार बंद झालं. चांगलंच बंद झालं. आजतागायत ते उघडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि पाणी पाच बोटं भरलं.

इथं गल्लीविषयी एक सांगायला हवं. ला पाझमध्ये गाडी उभी करायची म्हणजे कशावर तरी टेकवायची. नोएमीची गल्ली इतकी उभी, की चाकाखाली दगड लावल्याशिवाय कुणी गाडीतून उतरत नाही. त्या आठवड्यात पालोमा नाक वर करून उभी होती. पुढच्या आठवड्यात जागा मिळाली समोरच्या अंगाला, म्हणून ती नाक खाली करून उभी राहिली, आणि पाणी अर्थातच ब्रेकच्या पायाशी आलं.

"बघा, मागची गळती थांबली," मायेस्त्रो म्हणाला. "ही पुढची. ही वेगळी."

पुढच्या गळतीसाठी काचवाला आला. त्यानं पुढच्या काचेच्या कडेनं डांबरासारखं काहीतरी इतक्या सढळ हातानं फासलं, की पालोमा काजळ घातल्यासारखी दिसू लागली. जाताना म्हणाला, "आता समुद्रात घातली तरी हरकत नाही." आमच्या देशाला समुद्रच नाही, तेव्हा ही हमी तपासून पाहायची सोय नव्हती. पाऊस मात्र होता. पाणी पाच बोटं.

एव्हाना इमारतीतल्या प्रत्येकाचं मत तयार झालं होतं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी वर्तमानपत्रं घालायला सांगितली. घातली, तर लगदा झाला आणि निवडणुकीच्या बातम्या गालिच्यावर उलट्या उमटल्या. तळमजल्यावरच्या काकांनी सरळ बुडाला भोक पाडायला सांगितलं. "आलेलं जाऊ द्यायचं," ते म्हणाले. पालिकेची इंजिनियर म्हणून नोएमीनं त्यांना गुरुत्वाकर्षणावर एक छोटं भाषण दिलं. ते संपल्यावर काका म्हणाले, "म्हणजे भोक पाडायचंच ना?"

रेनानचा पिंड संशोधकाचा. तो बँकेत नोकरी करायचा आणि फोनवर व्हिडिओ बघून शिकायचा. त्याला शास्त्रशुद्ध पद्धत सापडली: एकानं बाहेरून नळी मारायची आणि एकानं आत बसून पाणी कुठून शिरतं ते बघायचं. आत बसायला अर्थातच पाण्यातली तज्ज्ञ. आणि काचवाल्यावर विश्वास नसल्यामुळे त्या तज्ज्ञेनं छत्री उघडली. परिणामी रविवारी, भर दुपारच्या लख्ख उन्हात, पालिकेची अधिकारी बंद गाडीत छत्री धरून, हातात विजेरी घेऊन बसली आहे आणि तिचा नवरा तिच्यावर नळी मारतो आहे, असं दृश्य गल्लीनं अर्धा तास पाहिलं.

"भांडण झालं असेल," कुणीतरी म्हणालं.

"छे, प्रायश्चित्त चाललंय तिचं. बाई मोठ्या मनाची आहे," दुसरं कुणी.

पाणी कुठून शिरलं ते दिसलं नाही, कारण छत्रीमुळे काहीच दिसत नव्हतं. संध्याकाळी इमारतीच्या रहिवासी मंडळाचं पत्र आलं: सार्वजनिक नळीचा खाजगी करमणुकीसाठी वापर करण्यापूर्वी तीन दिवस आधी लेखी अर्ज द्यावा. नोएमीनं पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या. एवढाच तिचा त्या आठवड्यातला विजय.

डोन्या बेनितांचा इलाज मात्र अबोल होता. त्यांनी ओरुरोहून आणलेलं चुन्योचं पोतडं गुपचूप मागच्या सीटखाली ठेवून दिलं. चुन्यो म्हणजे थंडीत गोठवून, पायानं तुडवून, उन्हात खडखडीत वाळवलेला काळा बटाटा. वर्षानुवर्षं टिकतो आणि पाणी मिळालं की शोषून घेतो. तसा तो प्यायलाही. दोन दिवसांत पाणी खरोखर दोन बोटांवर आलं, पोतडं दुप्पट झालं आणि नोएमीनं वहीत पहिल्यांदाच खाली जाणारा बाण काढला.

गुरुवारी जेवताना रेनान म्हणाला, "आई, आजच्या चुन्योला वेगळीच चव आहे. जरा... प्रवासाची."

डोन्या बेनितांनी पळी खाली ठेवली. "भिजत घालायचे कष्ट वाचले म्हणून घेतले त्यातलेच चार. टाकायचे होते का?"

नोएमीनं मिकाएलाची ताटली उचलली. मिकाएला ती चाटून बसली होती. वहीत त्या दिवशी नवा रकाना आला, त्याचं शीर्षक इथं देत नाही.

*

वर्षअखेरीची गाडीतपासणी जवळ आली. तपासणीचा चिकट कागद काचेवर नसेल तर गाडी बाहेर काढायची सोय नाही. रांगेत दोन तास उभं राहिल्यावर तपासणी अधिकाऱ्यानं दिवे पाहिले, हॉर्न ऐकला, मग म्हणाला, "प्रथमोपचार पेटी."

पेटी सीटखाली होती. त्यानं झाकण उघडलं आणि बोटाच्या टोकानं कापूस उचलला. कापसानं पेटीतलं बरंच काही सोबत आणलं.

"कापूस ओला आहे, सेन्योरा."

"ओला चालत नाही असं कुठं लिहिलंय?"

"कापूस असावा असं लिहिलंय. ही लापशी आहे." मग त्यानं गाडी जरा हलवून पाहिली. आत काहीतरी डुचमळलं. अधिकाऱ्याचा चेहरा गंभीर झाला. "आत द्रवपदार्थ आहे का? खाजगी गाडीतून द्रवपदार्थाची वाहतूक करता येत नाही. त्याची नोंदणी वेगळी."

"आम्ही त्याची वाहतूक करत नाही," नोएमी म्हणाली. "ते आपणहून आमच्याबरोबर येतं."

"कुठून?"

तिथं, चाळीस गाड्यांच्या समोर, पावसाळी गटारांच्या विभागातल्या इंजिनियरला "माहीत नाही" असं म्हणावं लागलं. अधिकाऱ्यानं फॉर्म खालीवर पाहिला. पाण्यासाठी रकाना नव्हता. त्यानं समासात लिहिलं, "पुन्हा यावे. कोरडे." ते गाडीला उद्देशून होतं की तिला, हे स्पष्ट नव्हतं.

या सगळ्या काळात एकच माणूस रोज सकाळी साडेसहाला न चुकता खाली येत होता. डॉन फ्रोइलान. तपकिरी हॅट, गुंड्या न लावलेला उघडा कोट, काखेत शाळेची लाकडी पट्टी. ते पालोमाच्या टपावर हलकेच थोपटायचे, "काय लेकी, रात्र कशी गेली?" असं विचारायचे आणि पट्टीनं पाणी मोजून नोएमीला सांगायचे. बोटांपेक्षा सेंटिमीटर बरे, असं त्यांचं मत होतं. पट्टी ते रोज वेगळ्या जागी बुडवायचे, त्यामुळे दोन्ही मापं सारखीच बेभरवशाची होती. मग ते तिथंच पायरीवर बसून नोएमीनं दिलेला बडीशेपेचा चहा प्यायचे.

"कोट बंद करा, कोम्पाद्रे. गारवा आहे."

"हो हो," ते म्हणायचे आणि करायचे नाहीत.

तपासणीचा निकाल ऐकून ते म्हणाले, "दोष माझा आहे, कोमाद्रे. मला त्या दिवसापासून खात होतं. मागच्या डाव्या चाकावर बिअर पडलीच नाही. बाटली संपली होती. आशीर्वाद अपुरा राहिला. लेक रडते आहे."

नोएमीनं तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याचे डोळे पाहून तिनं ते परत मिटलं. शिवाय, खरं सांगायचं तर, शास्त्रीय उपाय तिच्याकडेही उरलेला नव्हता.

*

डिसेंबरचा पहिला शुक्रवार. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धुपाटणी पेटवायची आमची रीतच आहे, तेव्हा दुसऱ्या आशीर्वादाला मुहूर्त आयता होता. इमारतीसमोर निखारे आले, धूप आला, बिअरच्या बाटल्या आल्या, आणि डॉन फ्रोइलान जिन्यावरून खाली आले ते सोळा पिशव्या पाकळ्या घेऊन.

"दुप्पट," ते म्हणाले. "या वेळी कमी पडू द्यायचं नाही."

या वेळी चारही चाकं न्हाली. तळमजल्यावरच्या काकांनी मिस्तूरा मुठीनं नव्हे, टोपलीनं उधळला. मायेस्त्रो वाल्तेर आपला लेप मिरवायला आला होता. त्यानंही दोन मुठी फेकल्या. पालोमा दिसेनाशी झाली. डोन्या बेनितांनी मिकाएलाला कडेवर घेऊन सगळं शांतपणे पाहिलं आणि घरात जाऊन नातीचे कपडे बॅगेत भरायला घेतले.

त्या संध्याकाळी धो धो पाऊस झाला. शनिवारी सकाळी डॉन फ्रोइलाननी पट्टी पाण्यात घातली आणि बाहेर काढून खिशात टाकली. आकडा सांगितला नाही. नोएमीनं स्वतः बघितलं. बोटं पुरली नाहीत. तिनं वहीत "मनगट" लिहिलं.

तशातच मिकाएलाचं औषध आणायला ती गाडी घेऊन निघाली. काचेवर आतून वाफ धरली होती. चौकात लाल दिव्याला थांबल्यावर तिनं पंखा लावला. तो खोकला. ओला खोकला, हे तिच्या सरावलेल्या कानांनी लगेच ओळखलं. तिनं बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि वाऱ्याच्या झडपांमधून गुलाबी, पिवळ्या, हिरव्या टिकल्यांचा फवारा थेट तिच्या तोंडावर आला. मागोमाग एक आख्खी पाकळी आली आणि चष्म्याला चिकटली.

रस्ता ओलांडायला मदत करणारा, झेब्र्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखातला स्वयंसेवक बरोबर समोर उभा होता. त्यानं बंद गाडीत एकटीच कार्निव्हल साजरा करणारी ही बाई पाहिली, आनंदानं दोन्ही खुर हलवले आणि तिच्यासाठी छोटासा नाच केला.

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. नोएमी हलली नाही. तिनं चष्म्यावरची पाकळी काढून तळहातावर ठेवली. बाहेर उधळलेली पाकळी आत आली कुठून? वाऱ्याच्या वाटेनं. वाऱ्याची वाट सुरू कुठून होते? काचेच्या बुडाशी, वायपर निघतात त्या काळ्या जाळीखालून. आणि जाळीखाली काय असतं? पन्हळ असते. पन्हळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायला भोकं असतात. आणि त्या भोकांच्या तोंडाशी...

"पाणी तुंबते ते पाण्यामुळे नव्हे," नोएमी हळूच म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला पुरं करवेना.

*

रविवार, सकाळचे नऊ. अकराची बस. पायात गमबूट, अंगावर रेनानचा जुना स्वेटर, हातात पेचकस. नोएमीनं वायपर काढले, जाळी उचलली. रेनान वाकून बघू लागला. डोन्या बेनिता मिकाएलाला घेऊन, भरलेली बॅग पायाशी ठेवून, पायरीवर उभ्या होत्या.

पन्हळीत पन्हळ नव्हतीच. ती काठोकाठ भरली होती: खालचा थर काळा, कुजलेला, कोपाकाबानाचा, वरचा थर रंगीबेरंगी, परवाचा. मधोमध ग्लॅडिओलसचा एक दांडा आडवा पडला होता. पाणी भोकातून जायला वाट मिळेना म्हणून वाऱ्याच्या वाटेनं आत उतरत होतं आणि उतार नेईल तिकडे, कधी ब्रेककडे, कधी मिकाएलाच्या खुर्चीखाली जात होतं.

नोएमीनं मूठमूठ लगदा बाहेर काढला आणि कोपऱ्यातल्या भोकात बोट घातलं. आधी काहीच झालं नाही. मग पालोमाच्या पोटात खोलवर गुडगुडलं, आणि पुढच्या चाकामागून पाण्याचा लोट सुटला. तो गल्लीच्या उतारावरून धावत निघाला, पाकळ्या, टिकल्या, सगळं घेऊन, थेट कोपऱ्यावरच्या गटाराकडे. पालिकेच्या गटाराकडे. जे, तुमच्या लक्षात आलंच असेल, कुणाच्या विभागात येतं.

"अडवा," नोएमी म्हणाली आणि गमबुटांसकट धावत सुटली. रेनान झाडू शोधायला घरात गेला, म्हणजे त्या प्रसंगापुरता संपला. गटाराच्या तोंडाशी पोचून नोएमीनं दोन्ही पाय आडवे लावले. पाकळ्या पायांमधून निघाल्या. तेवढ्यात तिच्या कानाशेजारून काहीतरी जड गेलं आणि गटारासमोर धप्पकन पडलं. चुन्योचं भिजलेलं पोतडं. डोन्या बेनितांनी एका हातात नात धरून दुसऱ्या हातानं ते फेकलं होतं. पाणी पोतड्याखालून निघून गेलं, पाकळ्या अडकल्या.

"वाया काही जात नाही," डोन्या बेनिता म्हणाल्या.

मग जिन्यावर पावलं वाजली. तपकिरी हॅट, उघडा कोट, काखेत पट्टी. डॉन फ्रोइलान पालोमापाशी आले आणि थांबले. काढून ठेवलेल्या लगद्याच्या ढिगाकडे त्यांनी पाहिलं. त्यातली एक लाल पाकळी उचलली.

"ही कार्नेशन आहे," ते म्हणाले. "माझी."

पट्टी त्यांच्या काखेतून खाली घसरली. डोन्या बेनितांनी श्वास घेतला, आणि त्या श्वासात काय काय भरलंय हे नोएमीला दिसलं: बिअर, धूप, सोळा पिशव्या, सगळं.

"माझी चूक आहे, कोम्पाद्रे," नोएमी घाईघाईनं म्हणाली. "फुलवालीनं सांगितलं होतं मला. त्याच दिवशी. निघायच्या आधी पाकळ्या वेचून काढ म्हणून. मी हो हो म्हटलं आणि विसरले. तुम्ही उधळलं ते बरोबरच होतं. आवरायचं काम माझं होतं."

"तुला सांगितलं होतं?" डोन्या बेनितांनी विचारलं.

"हो, आई."

"गटाराच्या इंजिनियरला? फुलवालीनं?"

"हो, आई."

डोन्या बेनितांचं तोंड थोडा वेळ विचित्र हललं. मग त्या पायरीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की मिकाएलाही घाबरून हसू लागली. डॉन फ्रोइलान हसले नाहीत, पण त्यांनी पट्टी उचलून परत काखेत धरली.

रेनान झाडू घेऊन आला. त्याच्या हातात नळी देण्यात आली, लेखी अर्जाशिवाय. दहा मिनिटं पाणी मारलं. पाणी पन्हळीतून उतरलं, भोकातून गेलं, चाकामागून बाहेर पडलं. डोन्या बेनितांनी गाडीत वाकून वाऱ्याच्या झडपांखाली आधी हात लावला, मग हाताची मागची बाजू, मग खात्री म्हणून गाल.

"नवीन पाणी नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा पडला होता.

त्यांनी बॅग उघडली आणि नातीचे कपडे एकेक करून नोएमीच्या हातात दिले. शेवटचा छोटा पिवळा स्वेटर तेवढा दिला नाही.

"एवढा नेते. बाही उसवली आहे. शिवून पाठवीन."

बाही उसवलेली नव्हती. नोएमीनं मान हलवली. "सावकाश पाठवा, आई."

*

पालोमा आता कोरडी आहे. मागचं दार अजून उघडत नाही, तेवढं एक. मिकाएलाच्या वहीत या महिन्यात फक्त फसवे खोकले आहेत. कचेरीतला फलक नोएमीनं खुर्चीमागून काढून टेबलाच्या खणात ठेवला. साहेबांनी विचारलं तेव्हा रंगकाम चालू आहे म्हणाली.

डॉन फ्रोइलाननी मात्र त्या रविवारी एकच प्रश्न विचारला होता: "डावीकडून तिसरी?" पुढच्या शनिवारी ते बसनं एकटे कोपाकाबानाला गेले, तिचं म्हणणं बरोबर होतं हे तिला समक्ष सांगायला. चूक झाली की समक्ष जाऊन कबूल करावी, हे त्यांनी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं होतं. रात्री परतायचे होते ते रविवारी परतले. आता ते दर शनिवारी जातात. इमारतीतल्या आणखी तीन गाड्यांनी त्यांना धर्मपिता केलंय, आणि अनोळखी गाड्यांची संख्या तर त्यांनाही सांगता येत नाही. कोटाच्या वरच्या खिशात जुना टूथब्रश असतो. आशीर्वाद झाला की ते जाळीतली शेवटची टिकली काढेपर्यंत कुणाला गाडी सुरू करू देत नाहीत.

मोजायला पाणी उरलं नाही, तेव्हा सकाळी साडेसहाला आता पायरीवर कुणी नसतं. नोएमी चहाचा एक कप जास्त करते आणि मग स्वतःच पिते.

तर तिचं एक काम आहे तुमच्याकडे. शनिवारी तुम्ही कोपाकाबानाला गेलात, तर देवळासमोर फुलवाल्यांच्या ओळीत डावीकडून तिसरीच्या शेजारी एक लहान स्टूल दिसेल, त्यावर तपकिरी हॅट घातलेले एक गृहस्थ. तळ्यावरून वारा येतो तिथं, आणि एकाहत्तराव्या वर्षी छाती धरायला वेळ लागत नाही. त्यांनी कोट बंद केलाय का, तेवढं बघा. फोनवर विचारून उपयोग नाही. फोनवर ते हो हो म्हणतात.